सांगलीच्या विजेवर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर: किटची जोडणी आणि बायस

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) घरी जोडायचा असेल, तर किटचे खोके फोडण्याआधी घरातल्या सॉकेटचे व्होल्टेज आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजून वहीत लिहून ठेवावे. आमचे घर मिरज तालुक्यात, शेतीला लागून आहे. कृष्णाकाठचे पंप चालू असले की सॉकेटवर २१५ व्होल्टच्या आसपास दिसते आणि पंप बंद झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, तोच आकडा २४८ पर्यंत चढतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला याचे फारसे सोयरसुतक नसते. व्हॉल्व्हच्या यंत्रात मात्र तापणाऱ्या फिलामेंटपासून करंट गोळा करणाऱ्या प्लेटपर्यंतचे प्रत्येक व्होल्टेज या चढउताराबरोबर हलते. फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये. ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी, म्हणजे सॉकेटकडचा वेटोळा, २२० व्होल्टचा असेल, तर रात्रीच्या २४८ व्होल्टवर फिलामेंटला ७.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. त्या वेटोळ्याच्या २३० च्या टॅपवर, म्हणजे जोडटोकावर, तेच गणित ५.९ ते ६.८ च्या दरम्यान राहते. म्हणून किट मागवतानाच २३० व्होल्टचा टॅप आहे का, हे विचारून घ्यावे.

पुढील विवेचन ईएल ३४ या पॉवर (स्पीकर चालवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या दोन जोड्या आणि तीन ईसीसी ८३ (सिग्नल वाढवणारे छोटे व्हॉल्व्ह) असलेल्या स्टिरिओ, पुश-पुल (जोडीतला एक व्हॉल्व्ह ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो अशा) किटला धरून आहे. अशा किटमध्ये बायस, म्हणजे सिग्नल नसताना (विश्रांतीत) व्हॉल्व्हमधून किती करंट वाहील हे ठरवणारे ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज, हाताने लावावा लागतो. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी व्हॉल्व्ह बनवत असे आणि तिचा जुना माल अधूनमधून हाती लागतो, परंतु पॉवर व्हॉल्व्ह नेहमी जुळवलेल्या जोडीनेच घ्यावेत. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात.

या यंत्रात ४०० व्होल्टहून अधिक डीसी असते आणि ते यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहते, ही गोष्ट क्षणभरही विसरू नये. १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर २२० किलोओहमचा ब्लीडर (चार्ज उतरवणारा रेझिस्टन्स) असेल, तर चार्ज उतरायला दोन मिनिटे लागतात. ब्लीडरचा एखादा जोड सुटलेला असेल, तर तो उतरतच नाही. म्हणून पिन काढून, दोन मिनिटे थांबून, आधी मीटरने मोजावे. व्होल्टेज शिल्लक असल्यास २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी लावून ते उतरवावे आणि पुन्हा मोजावे. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे ठेवावा. घराचे अर्थिंग जिवंत आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण जुन्या वाड्यांत आणि घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेले नसते. चॅसी अर्थला जोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सुटे भाग दिवसाउजेडी मोजावेत. पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४७० किलोओहम आणि पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. पिवळट दिव्याखाली शेवटचा पट्टा हमखास फसवतो. प्रत्येक रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून, किंमत लिहिलेल्या कागदावर टोचून ठेवला, तर जोडणीच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही. प्रथम व्हॉल्व्ह बेस, टॅगपट्ट्या आणि जॅक बसवावेत. जड ट्रान्सफॉर्मर शेवटी चढवावेत, नाहीतर चॅसी उलटीसुलटी करताना कमरेची परीक्षा होते.

तारांमध्ये पहिली तार फिलामेंटची. चार ईएल ३४ प्रत्येकी १.५ अँपिअर आणि तीन ईसीसी ८३ प्रत्येकी ०.३ अँपिअर, असे एकूण ६.९ अँपिअर या तारांतून वाहतात. त्यामुळे मुख्य तार १ चौरस मिलिमीटरची घ्यावी, दोन्ही पदर घट्ट पिळावेत आणि चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून न्यावेत. ईएल ३४ मध्ये फिलामेंट २ आणि ७ क्रमांकाच्या पायांवर असते. पाय खालच्या बाजूने पाहत, खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजावेत. पाय १ हा पाय ८ ला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला, जोडायला विसरू नये. ईसीसी ८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक होते आणि ९ हे दुसरे. इनपुटचे जॅक चॅसीपासून इन्सुलेटेड ठेवून त्यांची ग्राउंड तार स्वतंत्रपणे आणावी आणि सगळी ग्राउंड एकाच ठिकाणी चॅसीला जोडावी.

सोल्डर करण्याआधी तारेला टॅगमध्ये पक्कडीने आकडा घालावा. सोल्डरने जोड पक्का करायचा असतो, तार धरून ठेवायची नसते. ६०-४० चे रोझिनयुक्त सोल्डर आणि २५ वॅटचा आयर्न टॅगांना पुरतो, मात्र चॅसीवरच्या ग्राउंडला ६० वॅटचा लागतो. जोड चमकदार दिसावा. खडबडीत, गोळा झालेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर, आणि तो सहा महिन्यांनी नेमका गाण्याच्या मध्येच खरखरू लागतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची धन-ऋण बाजू दोनदा पाहावी. बायसच्या पुरवठ्यात तो कंडेन्सर उलटा, म्हणजे धन बाजू ग्राउंडला, असतो. तो नकाशातली चूक समजून सुलटा लावू नये.

पहिली तपासणी व्हॉल्व्ह न बसवता करावी. सिरीज बोर्डवर, म्हणजे यंत्राच्या विजेच्या वाटेतच, ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावून यंत्र चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून जवळजवळ विझला पाहिजे. तो तसाच लख्ख राहिला, तर कोठेतरी शॉर्ट आहे. व्हॉल्व्ह बसवल्यावर हा बल्ब काढावाच लागतो, कारण नुसती फिलामेंटेच सुमारे ४३ वॅट ओढतात आणि मग बल्बच्या उजेडावरून काहीच कळत नाही. बल्ब काढून, योग्य फ्यूज घालून, मग व्होल्टेज मोजावीत. व्हॉल्व्ह नसताना प्लेटचे व्होल्टेज नेहमीपेक्षा बरेच जास्त दिसते, ते कंडेन्सरवर छापलेल्या मर्यादेच्या आत आहे ना, एवढे पाहावे. यानंतरची मोजणी सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक ईएल ३४ च्या पाय ५ वर, म्हणजे ग्रिडवर, ऋण व्होल्टेज आले पाहिजे, साधारण उणे ३५ ते उणे ४५. प्रीसेट (छोटा बदलता रेझिस्टन्स) फिरवून ते अधिकाधिक ऋण करून ठेवावे. चारपैकी एका जरी बेसवर ते मिळाले नाही, तरी व्हॉल्व्ह खोक्यातच राहू द्यावेत.

व्हॉल्व्ह बसवताना आउटपुटला ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टन्स लावावा. लोडशिवाय सिग्नल दिल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडून तो जळू शकतो, आणि किटमधला सर्वांत महाग भाग बहुधा तोच असतो. माझ्या पहिल्या यंत्रात, उत्साहाच्या भरात, मी थेट स्पीकर जोडला होता. फिलामेंटे तापताच एका चॅनेलमधून कानठळ्या बसवणारी किंकाळी आली. दोष व्हॉल्व्हचा नव्हता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडील दोन तारांची अदलाबदल झाल्यामुळे आउटपुटमधून मागे परत नेलेला सिग्नल, म्हणजे फीडबॅक, ऋणाचा धन झाला होता. असे झाल्यास ताबडतोब बंद करून, चार्ज उतरवून, त्या दोन तारा आपसांत बदलाव्यात.

आता बायस. बहुतेक किटमध्ये प्रत्येक कॅथोडखाली १० ओहमचा रेझिस्टन्स असतो; त्यावर ४०० मिलिव्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेटला ४०० व्होल्ट असतील, तर हे सुमारे १६ वॅट झाले. ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे आणि विश्रांतीच्या स्थितीत तिच्या सत्तर टक्क्यांपलीकडे जाऊ नये. प्रथम २५० मिलिव्होल्टवर आणून दहा मिनिटे तापू द्यावे, मग चारही व्हॉल्व्ह आळीपाळीने ४०० वर न्यावेत. एकाचा प्रीसेट फिरवला की दुसऱ्याचा आकडा थोडा सरकतो, कारण पुरवठा सामाईक असतो. तीन-चार फेऱ्या कराव्याच लागतात. मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावणारा कारागीर जसा दोऱ्याचा तंतू केसभर सरकवून पुन्हा तार छेडतो, तशीच ही खटपट आहे. एखादी प्लेट लाल दिसू लागली, तर मीटरकडे न पाहता आधी स्विच बंद करावा.

येथे वहीतले आकडे कामाला येतात. कोणी आवाजात जास्त ऊब हवी म्हणून दुपारी ५५ मिलिअँपिअरवर बायस लावला, तर ४०० व्होल्टवर २२ वॅट होतात आणि यंत्र चालते. रात्री सॉकेटचे व्होल्टेज आठ-नऊ टक्के चढल्यावर प्लेटवर ४३५ व्होल्ट आणि करंट ६० पर्यंत गेला, तर २६ वॅट होतात. म्हणून अखेरचे समायोजन व्होल्टेज सर्वांत जास्त असताना, आमच्याकडे रात्री अकरानंतर, करावे. दिवसा करंट थोडा कमी भरला तरी काही बिघडत नाही.

शेवटी गुणगुण. इनपुट शॉर्ट करून स्पीकरजवळ कान न्यावा. ५० हर्ट्झची गुणगुण फिलामेंटच्या तारांतून किंवा ग्राउंडच्या चुकीतून येते आणि १०० हर्ट्झची फिल्टरमधून, म्हणजे पुरवठा सपाट करणाऱ्या कंडेन्सरांतून. दोन्हींचा स्वर एकच, फक्त सप्तक वेगळे. तानपुऱ्याचा खरज आणि जोड ओळखणाऱ्या कानाला हा फरक लगेच कळतो. खालची असेल तर हम पॉट (फिलामेंटच्या दोन तारांचा समतोल साधणारा बदलता रेझिस्टन्स) हळूहळू फिरवून ती सर्वांत कमी होते तेथे थांबावे आणि ग्रिडची तार फिलामेंटच्या तारेपासून दूर सारावी. वरची असेल तर कंडेन्सर बदलण्याआधी जोडीतील दोन्ही व्हॉल्व्हचा करंट सारखा आहे का पाहावे, कारण पुश-पुलमध्ये पुरवठ्यातला तरंग दोन्ही बाजू सारख्या असतील तरच कटतो.

हे सर्व झाल्यावर सॉकेट, फिलामेंट आणि प्लेट यांचे व्होल्टेज आणि चारही कॅथोडचे आकडे तारीख-वेळेसह एका चिठ्ठीवर लिहून ती खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. नवे व्हॉल्व्ह पहिल्या पन्नास-एक तासांत थोडे सरकतात; तेव्हा पुन्हा मोजून त्याच चिठ्ठीवर दुसरी ओळ लिहावी.