संध्याकाळपर्यंत विसार द्या म्हणतात तेव्हा: सोलापुरात घर कसं घ्यावं

दीड वर्षात आमच्या हातून तीन घरं गेली. पहिलं जुळे सोलापुरातलं, दुसऱ्या मजल्यावरचं. बुधवारी बघितलं, आवडलं. "रविवारी वडील गावाहून येतायत, त्यांना दाखवून सांगतो," असं एजंटला म्हणालो. शुक्रवारी फोन केला तर उत्तर आलं, "ते गेलं की ओ साहेब. पुण्याची पार्टी होती. गाडीतनं उतरली, बघितलं, विसार दिला." दुसऱ्या वेळी वडील सोबत होते, पण कर्जाचं काहीच ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी घाईघाईनं हो म्हणालो आणि घर गेलं ते बरंच झालं. त्याचं पुढे सांगतो.

पुण्या-मुंबईच्या मानानं सोलापूर स्वस्त, हे खरं. पण तयार घर, बँक कर्ज देईल अशी कागदपत्रं, पाण्याची सोय आणि रिक्षा मिळेल असा रस्ता, या चारही गोष्टी एका ठिकाणी असलेली घरं थोडी, आणि सगळ्यांची नजर त्यांच्यावरच. पुणे-हैदराबादला नोकरी करणारी मुलं आई-वडिलांसाठी घेतात, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी घेतात, व्यापारी पैसा गुंतवायला घेतात. पगार आणि कर्जावर घर घेणारा या रांगेत शेवटी उभा असतो. त्याच्याकडे रोकड नसते, तेव्हा त्यानं निदान तयारी तरी पक्की ठेवावी. हळू करायची कामं घर बघायला निघण्याआधी उरकायची, म्हणजे घर समोर आल्यावर दोन दिवसांत निर्णय घेता येतो.

1. आधी आकडा, मग घर

घराची किंमत म्हणजे तुमचा खर्च नव्हे. 30 लाखांचा जुना फ्लॅट धरा. बँकेनं 80 टक्के दिले तर कर्ज 24 लाख, म्हणजे 6 लाख खिशातून. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. इथेच 8 लाख 10 हजार झाले. वकील, बँकेचं प्रोसेसिंग, एजंटची दलाली आणि रंगकाम अजून बाकीच आहे. शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनर (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला दर) यांपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर लागतं, तेही ध्यानात ठेवा.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. वरच्या हिशोबात 30 हजार वाचतात. नवरा-बायको दोघांचं नाव घातलं की ती मिळत नाही. मात्र जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट घेणारा स्वतः मालकही असावा लागतो, म्हणून आयकर भरणारा कोण आहे ते बघून नाव ठरवा. आमच्या घरी यावर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी बायकोचं नाव लागलं आणि 'आता मी भाडेकरू' हा विनोद मी अजून ऐकतोय.

हप्त्याचा ढोबळ हिशोब असा: साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर लाखाला महिना सुमारे 868 रुपये. 24 लाखांना जवळजवळ 20,800. हा आकडा भरून घरातला महिना निघतो का, हे तपासायचा साधा उपाय म्हणजे सहा महिने तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकून बघणं. सध्या भाडं देत असाल तर फक्त वरचा फरक टाका. जमलं तर सवयही लागते आणि विसाराचे पैसेही जमतात.

2. बँकेत आधी जा

बँक कर्जाची पूर्वमंजुरी देते. उत्पन्न आणि सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण) बघून अमुक रकमेपर्यंत देऊ असं पत्र मिळतं आणि ते साधारण तीन ते सहा महिने चालतं. दुसरं घर आमचं गेलं ते या पत्राअभावी. मालक भला माणूस होता, त्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. "तुमचं कर्ज होईल कशावरून?" असं त्यानं सरळ विचारलं आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

सिबिल 750 च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. मोबाईलचा किंवा फ्रीजचा जुना हप्ता थकलेला असेल तर तो आत्ताच मिटवा, नोंद सुधारायला वेळ लागतो. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं ठेवली आहे. पण बँक टक्केवारी काढते ती स्वतःच्या मूल्यांकनावर. तुम्ही चढाओढीत 33 लाख कबूल केले आणि बँकेच्या माणसानं 29 लिहिले, तर मधले चार लाख तुमचे.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधल्या व्याज अनुदानाची बँकेत चौकशी करा. घर 35 लाखांपर्यंतचं, कर्ज 25 लाखांपर्यंतचं, आणि अनुदान जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत सोलापूरची घरं असतात, तिथेही अर्ज टाकून ठेवा. लागली तर लागली. विडी आणि यंत्रमाग कामगारांना कुंभारीच्या रे नगरची गोष्ट वेगळी सांगायला नको. 30 हजार घरांच्या त्या वसाहतीतल्या पहिल्या 15 हजारांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या.

3. घर बघायला जाताना

सोलापुरात घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. महापालिकेचा नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. पण पुण्याहून घर घ्यायला येणारी मुलं नेमकं हेच विचारायला विसरतात. बिल्डिंगचा खालचा हौद किती लिटरचा, पाणी कितव्या दिवशी आणि किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का, हे विचारा. मालकाला विचारू नका, तो विकायला बसलाय. वॉचमनला विचारा, किंवा तळमजल्यावरच्या काकूंना. बोअर आहे म्हणतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये ती चालते का ते विचारा.

दुसरा प्रश्न उन्हाचा. घर सकाळी दहा वाजता दाखवतात, तेव्हा सगळीच घरं छान वाटतात. तुम्ही दुपारी तीनला जा. वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम असेल तर भिंतीला हात लावून बघा. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की रात्री बारापर्यंत ती भिंत गरमच राहते. आम्ही एका घराची किंमत याच कारणासाठी दीड लाखानं खाली मागितली होती. मालक हसला, पण नंतर पाऊण लाख त्यानं सोडले होते.

काळ्या मातीच्या भागात पाया नीट घेतला नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात. खिडकीचे कोपरे बघा, आणि एकाच खोलीला नवा रंग असेल तर का ते विचारा. हद्दवाढ भागात, म्हणजे महापालिकेत नंतर आलेल्या वस्तीत, ड्रेनेज लाईन आहे की शोषखड्डा, हेही बघा. नाल्याच्या कडेचं घर शक्यतो पावसाळ्यातच पाहावं.

आणि घर मिळतं कुठून? ॲपवर दिसणारी बरीचशी एजंटचीच असतात, आणि चांगलं घर तिथे येईपर्यंत बहुतेक गेलेलं असतं. आमचं चौथं घर मला विजापूर रोडच्या एका इस्त्रीवाल्यानं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक मुलाकडे जाणारेत, हे त्याला मालकाच्या भावाच्या आधी कळलं होतं. ज्या दोन-तीन वसाहतींत घर हवंय तिथे संध्याकाळी पायी फिरा, किराणा दुकानदाराशी, वॉचमनशी, दूधवाल्याशी बोला. आपण काय शोधतोय ते चार ठिकाणी सांगून ठेवलं की बातमी चालत येते.

4. कागद, आणि तिसऱ्या घराची गोष्ट

सात रस्त्याजवळचं एक जुनं घर. जागा सोन्यासारखी. दोन भाऊ विकत होते आणि तिसरा ग्राहक आमच्या पुढे उभा आहे, असं सांगून आम्हाला पळवलं जात होतं. आम्ही तोंडी होकार देऊन बसलो. विसार देण्याआधी वकिलांनी एकच विचारलं, "बहिणी किती?" दोन होत्या. एक विजयपूरला, एक सिकंदराबादला, आणि दोघींनाही विक्रीची कल्पना नव्हती. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. उद्या त्यांच्यातल्या एकीनं दावा लावला असता तर आमचे पैसे कोर्टात अडकले असते. चार दिवस थांबलो तर घर दुसऱ्यानं घेतलं. त्याचं पुढे काय झालं, विचारायला गेलो नाही.

पेठांमधल्या जुन्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. वारसांची यादी मागा, सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. त्याशिवाय वकिलांकडून मालकीच्या नोंदींचा निदान 30 वर्षांचा शोध घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) स्वतःही बघता येते, पण वाचायला वकीलच हवा. सिटी सर्वे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, नसेल तिथे सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं की थांबा, ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. इनाम किंवा देवस्थानचा उल्लेख असेल तरी तेच.

गुंठ्यावर घेतलेल्या प्लॉटबद्दल जास्त सावध राहा. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, आणि तो शहराच्या कडेला अजूनही स्टँप पेपरवर नोटरी करून विकला जातो. नोटरीनं मालकी येत नाही. बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन किंवा गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र यांपैकी काहीच नसेल, तर बँक दारात उभी करत नाही.

फ्लॅट असेल तर बांधकाम परवाना आणि वापर परवाना, दोन्ही. मंजूर नकाशात पार्किंग आणि जागेवर दुकान असा प्रकार असेल तर सोडा. सोसायटीचं ना हरकत पत्र, मिळकत कर, पाणीपट्टी आणि वीजबिलाच्या चालू पावत्या, मालकावर कर्ज असेल तर बँकेचं थकबाकी पत्र. नवं बांधकाम घेत असाल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते संकेतस्थळावर बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बांधकाम चालू असताना जीएसटी लागतो: 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत 1 टक्का, त्याहून वरच्या घराला 5 टक्के. जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही, हे काही एजंट नवीन ग्राहकाला मुद्दाम सांगत नाहीत.

5. भाव आणि विसार

"उद्या दुसरी पार्टी येतीय" हे वाक्य दर घराला ऐकायला मिळेल. कधी खरं असतं, कधी नसतं. तुमचा वरचा आकडा घरून ठरवून जा आणि तो बायकोनं किंवा भावानं कागदावर लिहून खिशात ठेवू द्या. तिथे उभं राहून आकडा वाढवायचा नाही. भावात थोडे कमी पडत असाल तर मालकाला दुसरं काहीतरी द्या. त्याला मुलाच्या परीक्षेपर्यंत राहायचं असेल तर राहू द्या. आम्ही चौथ्या घरात दोन महिने ताबा उशिरा घ्यायला तयार झालो, म्हणून आमच्याहून पन्नास हजार जास्त देणारा मागे पडला.

विसार थोडा द्या, चेकनं किंवा खात्यातून द्या आणि विसार पावती वकिलांकडून लिहून घ्या. त्यात दोन वाक्यं असलीच पाहिजेत: मालकी निर्वेध निघाली नाही किंवा बँकेनं याच घराच्या कागदांवरून कर्ज नाकारलं, तर विसार अमुक दिवसांत परत. हे लिहून द्यायला नकार देणारा मालक कितीही गोड बोलला तरी उठून या. 'निम्मे रोख' म्हणणाऱ्याशीही व्यवहार नको. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तुमचं कर्ज फक्त कागदावरच्या किमतीवर बसतं.

विसारानंतर स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. हरकत यायची असेल तर तेव्हाच येते. मग साठेखत (विक्रीचा आधीचा करार), कर्जाची अंतिम मंजुरी, आणि खरेदीखत. किंमत 50 लाख किंवा त्यावर असेल तर 1 टक्का टीडीएस (मालकाचा आयकर) तुम्हीच त्याच्या पैशातून कापून भरायचा असतो.

6. सही झाल्यावर

दुय्यम निबंधक कार्यालयात सही झाली, पेढे वाटले, की लोक घरी जाऊन झोपतात. अजून तीन चकरा आहेत. महापालिकेत मिळकत कराला नाव लावणं, सिटी सर्वेला फेरफार, आणि महावितरणचा मीटर. सोसायटीत भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) तुमच्या नावावर करून घ्या. हस्तांतरण अधिमूल्य (सोसायटीची ट्रान्सफर फी) 25 हजारांहून जास्त मागितलं तर लेखी मागा, मागणी आपोआप खाली येते.

चावी घेताना जुन्या मालकाला सगळी कुलपं, गॅस, इंटरनेट वगैरे विचारून होतं. आमच्याकडून पाण्याचा दिवस विचारायचा राहिला होता. सामान आणलं त्या रात्री पावणेतीनला खालून कुणीतरी ओरडलं, "तिसरा मजला, पाणी आलंय बे, कॉक उघडा!" आणि कॉक कुठे आहे, तेच आम्हाला माहीत नव्हतं.