आंबोलीला पावसाळ्यात जाताय? मग रविवार टाळा

आंबोलीचा धबधबा रविवारी दुपारी बघायला गेलात तर पाणी कमी आणि माणसं जास्त दिसतील, शिवाय घाटात गाड्यांची रांग ती वेगळीच. त्यामुळे मधल्या वारी जा, एक रात्र तरी रहा, आणि धबधब्यावर सकाळी सातच्या आत पोचा.

कोल्हापूर-आजऱ्याकडून आलात तर आधी गाव लागतं आणि धबधबा गावापासून साधारण तीनेक किलोमीटर खाली सावंतवाडीच्या बाजूला, घाटरस्त्याला लागूनच आहे. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशनला उतरा, तिथून घाट चढताना धबधबा आधी लागतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल नको, ग्रिपवाले बूट घाला. आणि पाणी अचानक गढूळ झालं किंवा जोर वाढला की लगेच बाहेर या, वर डोंगरात पाऊस वाढलाय असं समजायचं, "एक शेवटचा सेल्फी" वगैरे अजिबात नको. माकडांना खायला देऊ नका, पिशवी हिसकावतात.

कावळेसाद या दरीकाठच्या पॉइंटला वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं ते बघायचं असेल तर धुकं फाटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा, कधी तासभर नुसतं पांढरं दिसतं. रेलिंगवर चढायचं नाही हे सांगावं लागतं हेच वाईट. हिरण्यकेशी नदीचा उगम देवळापाशी गुहेत आहे, 2020 मध्ये तिथल्या पाण्यातून माशाची नवी जात नोंदवली गेली, म्हणून त्या कुंडात पाय धुवू नका, साबण तर नाहीच.

खरी मजा रात्री. माहितगार लोकल गाईड घ्या आणि टॉर्च घेऊन हळू चाला. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर ते मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं, पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात. चापडा म्हणजे पिट वायपर साप पण झुडपात गप्प बसलेला असतो, विषारी आहे, त्यामुळे फांद्यांना हात लावायचा नाही आणि फोटोसाठी त्याला काठीने हलवणारा गाईड असेल तर सरळ परत फिरा.

जळवा लागतीलच. ओढून काढू नका, नखाने बाजूने सरकवा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. आणि मोज्यांचे दोन-तीन जोड जास्त घ्या, तिथे काहीच वाळत नाही.