गॅपपेक्षा तारखा जास्त घात करतात

नोकरीत गॅप असली की मुलाखतीत प्रश्न येणार हे माहीत असतंच, आणि "आत्मविश्वासाने सांगा" हा सल्लाही शंभरदा ऐकून झालेला असतो. आत्मविश्वासाचं नंतर बघू. आधी जुनी रिलिव्हिंग लेटर्स, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने दिलेली पत्रं, काढून समोर ठेवा. उत्तर थोडं अडखळलं तर निभावून जातं, तारखा जुळल्या नाहीत तर निभावत नाही.

एकाच नोकरीच्या शेवटच्या तारखा तीन असू शकतात: राजीनामा दिला तो दिवस, ऑफिसात बसलात तो शेवटचा दिवस आणि लेटरवर छापलेली तारीख. नोटीस पिरियडमध्ये उरलेल्या रजा वळत्या झाल्या असतील तर यांच्यात सहज महिना-दीड महिन्याचा फरक पडतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले, म्हणजे नव्या कंपनीसाठी तुमची माहिती पडताळणारे, जुन्या एचआरला विचारतात तेव्हा त्यांना रेकॉर्डवरची तारीख मिळते, तुमच्या आठवणीतली नाही. जॉइनिंगचंही तसंच. ऑफर लेटरची तारीख टाकू नका, प्रत्यक्ष रुजू झालात ती टाका.

आता खरा सापळा. गॅप लपवायला रेझ्युमेवर महिने गाळून फक्त वर्षं लिहायची, ही युक्ती कोणीतरी सांगतंच. समजा पहिली नोकरी 28 फेब्रुवारी 2022 ला संपली आणि दुसरी 1 डिसेंबर 2022 ला सुरू झाली. "2020–2022" आणि खाली "2022–2024" असं लिहिलं की मधले नऊ महिने गायब! दिसायला छान. पण पुढच्या पायरीवर कंपनीचा ऑनलाइन फॉर्म येतो आणि तिथे महिना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. खरा महिना टाकला तर रेझ्युमेत नसलेली गॅप तिथे उघडी पडते. खोटा टाकला तर फॉर्मच्या तळाशी "वरील सर्व माहिती खरी आहे" यावर तुमचीच सही असते. ऑफर बहुतेक वेळा व्हेरिफिकेशनच्या अटीवरच दिलेली असते, त्यामुळे ती मागे घ्यायला कंपनीला एवढं कारण पुरतं. रुजू झाल्यावर सापडलं तरी नोकरी जाऊ शकते. नऊ महिने घरी होतात म्हणून कोणी दार लावत नाही हो, पण खोटी तारीख सापडली की बाकीचा सगळा रेझ्युमेही संशयात जातो.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे लिंक्डइनवर जुन्या नोकरीपुढे तसंच राहिलेलं "सध्या". आळसाने राहतं, कधी लाजेनेही. रिक्रूटर फोनवर पहिलाच प्रश्न टाकतो, "नोटीस पिरियड किती?" आणि तुम्ही गडबडता. कारण काहीही असो, समोरच्याला ती लपवाछपवीच वाटते. ते आजच बदला. 2022 पासून तिथे करिअर ब्रेक नोंदवायची वेगळी सोयही आहे.

रेझ्युमेवर गॅपला एक ओळ पुरते: "करिअर ब्रेक, मार्च ते नोव्हेंबर 2022. कौटुंबिक आजारपण, जबाबदारी आता संपली आहे." दोन-तीन महिन्यांच्या गॅपला तेवढीही नको. सात-आठ वर्षांपूर्वीची असेल तर आपणहून विषयच काढू नका.

तोंडी उत्तर तीस ते पंचेचाळीस सेकंदांचं ठेवा. का थांबलात, त्या काळात काय केलंत, आता काय बदललंय, या क्रमाने बोला. "ले-ऑफमध्ये आमची पूर्ण टीम गेली. त्यानंतर मी डेटाबेसचं काम नव्याने शिकून एक छोटा प्रकल्प पूर्ण केला, तो रेझ्युमेत दिलाय. आता पूर्णवेळ कामाला तयार आहे." बस्स. यानंतर समोरचा खाली बघून लिहीत असतो, खोलीत शांतता पसरते, आणि ती भरून काढायला आपण जुन्या मॅनेजरची उणीदुणी काढायला लागतो. तिथे जीभ आवरायची. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, मिनिटाच्या वर गेलं तर कापा. आजारपण असेल तर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "तब्येतीचं कारण होतं, उपचार पूर्ण झालेत" एवढं चालतं. कामावरून काढलं असेल तर "स्वतःहून सोडली" म्हणू नका, कारण जुनी एचआर वेगळं सांगू शकते. उलटप्रश्न बहुतेक एकच असतो, "पुन्हा तशीच वेळ आली तर?" त्याला आश्वासन देऊ नका, व्यवस्था सांगा: घरी आता दुसरं कोण बघतं, काय सोय केली आहे.

गॅपवर "फ्रीलान्स कन्सल्टंट" असं लेबल चिकटवायला सांगणारे मार्गदर्शक बरेच भेटतील, त्यांतले काही त्याचे पैसेही घेतात. माझं स्पष्ट मत आहे की एखादं बिल, बँकेतली नोंद किंवा फोन उचलून "हो, काम केलंय" म्हणणारा एक तरी ग्राहक असेल तरच ते लिहावं. पैसे देऊन आणलेल्या अनुभवपत्राबद्दल तर बोलायलाच नको. ऑनलाइन सर्टिफिकेटांची चळतही फारशी कामाला येत नाही. दहा सर्टिफिकेटांपेक्षा उघडून दाखवता येईल असं एक पूर्ण काम बरं.

आणि चुकीची तारीख आधीच कुठे गेली असेल, तर पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण व्हेरिफिकेशन सुरू व्हायच्या आत कळवलं तर प्रकरण बऱ्याचदा तिथेच मिटतं. फोन करू नका, मेल लिहा, म्हणजे नोंद राहते: "अर्जात माझ्या शेवटच्या नोकरीची अखेरची तारीख एप्रिल 2022 अशी गेली आहे. रिलिव्हिंग लेटरप्रमाणे ती 28 फेब्रुवारी 2022 आहे. लेटर सोबत जोडले आहे, कृपया दुरुस्ती करावी." सबबी जोडू नका. लेटर मात्र खरंच जोडलंय ना, ते पाठवायच्या आधी बघा.