लिक्विड खताची मोठी टाकी बसवताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग भागात ऊस नायतर द्राक्षाला ठिबकातनं लिक्विड खत सोडणं आता नवीन राहिलं नाही. चार जण मिळून एकदम हजारो लिटर मागवतात, मळ्यात पाच हजार लिटरची काळी टाकी बसवतात आणि झालं म्हणतात. पहिली चूक इथंच होते बघा, कारण ती टाकी पाण्याची असते आणि खत काय पाणी नव्हे.

पाणी लिटरला एक किलो भरतं. 32 टक्के नत्राचं युरिया अमोनियम नायट्रेट लिटरला साधारण 1.33 किलो आणि 10-34-0 (10 टक्के नत्र, 34 टक्के स्फुरदाचं लिक्विड खत) तर जवळजवळ 1.4 किलो. म्हणजे ज्या टाकीत पाण्याचे 5 टन बसतात त्याच टाकीत 10-34-0 भरलं की 7 टन होतात, वरचे दोन टन पेलायचे कुणी? दुकानात आयएस 12701 चा शिक्का दाखवून आयएसआय हाय की म्हणतात, पण ते मानक पाणी साठवायच्या टाकीचं आहे. टाकी घेताना किती घनतेच्या द्रवासाठी बनवलीय ते विचारा, लिटरला 1.5 किलो किंवा त्याच्या वरची असेल तरच घ्या आणि ते बिलावर लिहून घ्या. आहे ती पाण्याचीच टाकी नवी येईपर्यंत चालवायची असेल तर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

खालचा कट्टा पण तसाच बघून करा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, नुसत्या मुरमावर टाकी ठेवली की दोन वर्षात एका बाजूला कलते. सपाट काँक्रीट पाहिजे आणि टाकीचा सगळा तळ त्यावर टेकला पाहिजे, चार दगडांवर नायतर अँगलच्या स्टँडवर टाकी ठेवायची नाही.

आता आमच्याच मळ्यातलं सांगतो. टाकीला पितळी कॉक होता, पाण्याच्या लाइनीला असतो तोच, घरात पडलेला होता म्हणून लावला. नत्राचं खत पितळ आणि तांबं खातं, जीआय पाइपवरचं जस्त पण खातं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कॉकभोवती हिरवा-निळा थर दिसत होता, आम्ही पुसून टाकायचो. एका रात्री कॉक तुटला आणि सकाळपर्यंत अर्धी टाकी विहिरीच्या बाजूला मुरली. घरात वहिनीचं तीन महिन्यांचं बाळ, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की तान्ह्या लेकरांना सगळ्यात जास्त धोका, रक्तात ऑक्सिजन धरला जात नाही, लेकरू निळं पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. पुढं कितीतरी दिवस आम्ही गावातनं पाणी वाहिलं. तेव्हा कॉक स्टेनलेस स्टीलचा नायतर पॉलिप्रोपिलीनचाच लावा, एकापुढं एक दोन लावा आणि बाहेरच्याला कुलूप घाला. आणि टाकीपासनं थेट कडक पाइप नेऊ नका, भरताना टाकी थोडी फुगते आणि जोडावरच चीर पडते, मध्ये जाड होजचा तुकडा पाहिजे.

टाकीचं झाकण घट्ट लावून मोटर चालू केली तर टाकी आत चेपते. हवेचं तोंड पाइपच्या साइजइतकं तरी ठेवा, मोठं असलं तर बरंच.

आता बांध. टाकीभोवती सिमेंटची भिंत बांधायची, आत सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के माल मावला पाहिजे असा ठोकताळा आहे. 5,000 लिटरला 5,500. 4 बाय 3 मीटर जागेला अर्धा मीटर भिंत घातली की 6,000 लिटर होतात, बरोबर वाटतं, पण आपल्याकडं एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला की त्याच जागेत 1,200 लिटर पाणी साचतं आणि उरतात 4,800. खानापूरकडं तर असा पाऊस नवीन नाही. म्हणून भिंत दोन फूट तरी करा नायतर वर पत्रा टाका. पाणी जायला भिंतीला भोक ठेवून ते कायम उघडं सोडणं म्हणजे भिंत न बांधल्यासारखंच, त्यापेक्षा कोपऱ्यात खड्डा करा आणि साचलेलं पाणी तपासून पंपानं काढा.

कृष्णा, दूधगंगा काठच्यांनी तर टाकी बांधूनच ठेवा. 2019 च्या ऑगस्टचा पूर आठवतोय ना? पावणेदोन मीटर रुंदीच्या टाकीखाली चार इंच पाणी शिरलं तरी वर ढकलायचा जोर दोनशे किलोच्या पुढं जातो आणि रिकामी टाकी तर तीन-चार गडी ढकलत नेतात. काँक्रीटमध्ये हुक आधीच घाला, पट्टे नंतर लावता येतात.

कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत फॉस्फेट नायतर सल्फेटचं खत ओतू नका, खाली गाळ धरतो आणि ठिबक चोक होतं. ब्लिचिंग पावडरनं खताची टाकी धुऊ नका, अमोनियाच्या खताशी नायतर ॲसिडशी तिचा विषारी वायू होतो.

जीवामृत, स्लरी असली शेण-गोमूत्राची खतं बंद टाकीत करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आत उतरू नका. कुजताना हायड्रोजन सल्फाइड होतो, सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो आणि वायू जास्त झाला की नाकाला वासच कळत नाही. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. एक जण आत पडला म्हणून दुसरा मागनं उतरतो आणि दोघंही जातात. बाहेरनं पाइपानं ढवळा, धुवा, कुणी पडलाच तर अग्निशमनवाल्यांना 112 वर बोलवा.

आणि टाकीवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. तोडीला, खुरपणीला येणारी माणसं दोन्हीकडची असतात, आणि पिण्याच्या पाण्याची टाकी पण काळीच असते.