दारूचे व्यसन आणि आयुष्मान कार्ड: उपचाराची सोय कशी लावावी

घरातील माणसाची दारू सोडवायची असे ठरले की आयुष्मान कार्डावर उपचार होतील का, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांपुढे उभा राहतो. हे कार्ड ज्या योजनेचे आहे, त्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक व वर्तनविषयक विकार तिच्या उपचारयादीत आहेत. मात्र बाह्यरुग्ण तपासणी आणि व्यसनमुक्तीनंतरचे पुनर्वसन यांचा खर्च त्यात मिळत नाही. म्हणून दाखल होऊन घ्यायचे उपचार आणि नंतरचे पुनर्वसन यांची सोय वेगवेगळी लावावी.

रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये, कारण पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके येणे, भास होणे, भान हरपणे असे प्रकार जिवावर बेतू शकतात. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात न्यावे. डॉक्टरांनी दाखल होण्यास सांगितल्यास आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटावे आणि हा उपचार योजनेत बसतो का, हे आधीच विचारून घ्यावे. केसपेपरवर निदान स्पष्ट लिहिलेले असावे. लाजेपोटी ते टाळले, तर मंजुरी अडण्याची शक्यता असते. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे आणि १४५५५ या क्रमांकावर तक्रार करावी.

पुनर्वसनासाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रे आहेत. जवळचे केंद्र कोणते, हे १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर कळते.

खासगी विमा असलेल्यांनी पॉलिसीतील अपवादांची, म्हणजे ज्यांचा खर्च मिळत नाही अशा गोष्टींची, यादी आवर्जून वाचावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजार मानले आणि अशा आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा असे सांगितले, तरीही विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत व्यसनावरील उपचार आहेत. ही विसंगती रुग्णांवर अन्याय करणारी आहे आणि ती दूर व्हायलाच हवी.

पैशांची तजवीज होत नाही म्हणून माणसाला स्वस्तातल्या, कोंडून ठेवणाऱ्या केंद्रात टाकू नये. कोणत्याही केंद्रात दाखल करण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारावे आणि नातेवाइकांना भेटू देत नसतील, तर तिथून परत फिरावे.