सांगलीत स्केटबोर्डचं दुकान कसं सुरू करावं

सांगलीत स्केटबोर्डचं दुकान टाकायचं मनात असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या: इथे गिऱ्हाईक आयतं मिळणार नाही, घडवावं लागेल. शाळकरी पोरांनी स्केटबोर्ड मोबाईलवर पाहिलेला असतो, पण बहुतेकांनी तो पायाखाली घेतलेला नसतो. त्यामुळे माल भरून शटर उघडायचं आणि वाट बघत बसायचं, हे इथे चालणार नाही. आधी खेळायला जागा, मग दुरुस्तीचं टेबल, मग माल, असं गेलात तर धंदा उभा राहण्याची शक्यता खूप वाढते.

पहिली पायरी: खेळायची जागा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याने चढउतार आहेत, नवशिक्याला तिथे पहिल्याच दिवशी उतार लागतो. सांगली सपाट आहे, आणि शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण सपाट म्हणजे गुळगुळीत नव्हे. डांबरी रस्त्यावरची खडी, पेव्हर ब्लॉकच्या फटी, गळीत हंगामात ट्रॉलीतून सांडलेले उसाचे तुकडे, यातलं काहीही चाकाखाली आलं की बोर्ड जागीच थांबतो आणि पोरगं पुढे जातं. शिवाय त्या दिवसांत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. म्हणून रस्ता डोक्यातून काढूनच टाका.

सिमेंटची जमीन शोधा. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट, हाउसिंग सोसायटीचा आतला काँक्रीट रस्ता, एखाद्या कारखान्याचं सुट्टीच्या दिवशी रिकामं असलेलं आवार. मुख्याध्यापकांना किंवा सोसायटीच्या सचिवांना भेटून रविवार सकाळचे दोन तास मागा आणि परवानगी लेखी घ्या. त्यात वेळ, जबाबदारी आणि जागा झाडून परत देण्याची हमी लिहा. हा कागद हातात आल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: गाळा

मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ इथे वर्दळ मोठी, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच भागात कृष्णेचं पाणी शिरलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही सांगलीकर विसरलेले नाहीत. सांगलीत पाऊस तसा कमीच, पाणी येतं ते वरून, कोयना आणि महाबळेश्वरच्या पट्ट्यातून. त्यामुळे आपल्याकडे ऊन पडलेलं असतानाही नदी वाढू शकते. स्केटबोर्डचा डेक, म्हणजे ज्यावर उभं राहायचं ती फळी, लाकडाचे पदर चिकटवून बनवलेला असतो, एकदा पाण्यात राहिला की ते सुटतात आणि माल मातीमोल होतो. गाळा बघायला गेलात की शेजारच्या दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

माझी पसंती विश्रामबागेकडच्या बाजूला आहे. विलिंग्डन आणि वालचंद या दोन्ही कॉलेजांची मुलं तिकडे असतात, आणि मिरजेहून येणाऱ्यालाही ते सोयीचं पडतं. शंभर-दीडशे चौरस फूट पुरे. मुख्य रस्त्यावरच्या गाळ्यासाठी जास्त भाडं मोजू नका, स्केटबोर्ड घेणारा माणूस पत्ता विचारत येतो. विमा उतरवताना पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे का, ते ओळ न ओळ वाचून बघा.

तिसरी पायरी: माल निवडणे

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. पोराचा पहिला बोर्ड वाईट निघाला तर तो खेळ सोडतो, आणि त्याच्या मागे येणारी चार पोरंही येत नाहीत. बाजारात खेळण्याच्या दर्जाचे स्वस्त बोर्ड भरपूर मिळतात. ते ओळखायचे कसे? बोर्ड जमिनीवर ठेवा, वर उभे राहा आणि एका बाजूला झुका. चांगला बोर्ड त्या बाजूला वळतो, खेळण्यातला नुसता करकरतो. चाकाला बोटाने फिरवा, दोन फेऱ्यांत थांबलं तर बेअरिंग कामाचं नाही. खाली ट्रक, म्हणजे ज्यावर चाकं बसतात तो भाग, प्लास्टिकचा असेल तर तो बोर्ड दुकानात ठेवूच नका. कितीही खपत असला तरी नको.

डेक सात पदरी मेपल लाकडाचा घ्या. मोठ्यांसाठी ८ ते ८.२५ इंच रुंदी, लहान मुलांसाठी ७ ते ७.५ इंच. ट्रकच्या दांड्याची रुंदी डेकच्या रुंदीएवढीच हवी, थोडा फरक चालतो.

चाकांवर दोन आकडे असतात. एक व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, दुसरा कडकपणाचा, ज्यापुढे ए असतं. परदेशी व्हिडिओत दिसणारी चाकं बहुधा ५२ मिलिमीटर, ९९ए अशी असतात, रॅम्पसाठी आणि गुळगुळीत काँक्रीटसाठी. तेच चाक आपल्या खरबरीत जमिनीवर आणलं की पायाला मुंग्या येईपर्यंत थरथरतं आणि बारीक खड्यालाही अडतं. सांगलीसाठी ७८ए ते ८२ए ची मऊ, ५४ ते ६० मिलिमीटरची चाकं जास्त भरा, कडक चाकं थोडीच. मोठं चाक लावलं की वळताना ते डेकला घासतं आणि बोर्ड झटक्यात थांबतो, म्हणून ट्रक आणि डेकच्या मध्ये बसणारी रबराची पट्टी, म्हणजे रायझर, आणि त्या मापाचे लांब बोल्टही ठेवा. नेमका हाच बारकावा ऑनलाइन खरेदीत सुटतो. तो सांभाळलात तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी पुन्हा चढेल.

बेअरिंग मात्र सगळीकडे एकाच मापाचं, ६०८. एका बोर्डला आठ लागतात. इनलाइन स्केट्समध्येही साधारणपणे हेच माप चालतं. गावात रोलर स्केटिंग शिकणारी मुलं आधीपासून आहेत, त्यांच्या बेअरिंगची सफाई आणि बदली हा तुमचा पहिल्या दिवसापासूनचा धंदा. सफाई सोपी आहे: टाचणीने झाकण काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडायचे. घरी पोरं खोबरेल घालतात, त्यात धूळ चिकटून बेअरिंग जाम होतं. हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

हेल्मेट, गुडघ्याचे आणि मनगटाचे पॅड बोर्डाइतकेच महत्त्वाचे. नवशिक्याला हेल्मेटशिवाय बोर्ड विकू नका. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या, १४ वर्षांखालच्या मुलांच्या मालाला २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आपला माल त्या नियमात बसतो का, हे घाऊक व्यापाऱ्याकडून लेखी घ्या.

चौथी पायरी: बोर्ड गिऱ्हाइकासमोर जोडा

खोक्यातला तयार बोर्ड उचलून देऊ नका. काउंटरवर डेक आडवा ठेवा आणि पोराला समोर उभं करा. ग्रिप टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून डेकवर लावायची खरबरीत पट्टी, मधून चिकटवत कडेकडे न्या, हवेचे फुगे बाहेर ढकला. कडेवरून कानस फिरवली की पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर कटर चालवा. खालून स्क्रू घालून टेपला आठ भोकं पाडा. ट्रक बसवताना दोन्ही किंगपिनचे, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचे, नट एकमेकांकडे, आतल्या बाजूला तोंड करून हवेत. बोल्ट समोरासमोरचे तिरके आवळा, सगळे एकदम नको. एका चाकात दोन बेअरिंग, बाहेर वॉशर, मग नट. नट पूर्ण आवळून किंचित सैल करा, चाक बाजूला जेमतेम हललं पाहिजे. शेवटचा नट पोराच्या हातून आवळून घ्या. आपला बोर्ड कसा उघडतो हे ज्याला कळलं, तो वर्षभर सुट्या भागांसाठी येत राहतो.

पाचवी पायरी: पैसे

समजा हातात ३ लाख रुपये आहेत. मी ते असे वाटेन: डेक आणि तयार बोर्डांना १ लाख, चाकं-ट्रक-बेअरिंग-टेप अशा सुट्या भागांना ५० हजार, हेल्मेट-पॅडला ४० हजार, पाने आणि हत्यारांना १० हजार, छोटा रॅम्प आणि रेल, म्हणजे ज्यावरून बोर्ड घसरवत नेतात तो पाइप, यांना ३० हजार. उरलेले ७० हजार डिपॉझिट आणि पावसाळ्यातल्या भाड्यासाठी. रेल आणि रॅम्पचा सांगाडा कुपवाड एमआयडीसीतला कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल. दोन मीटर चौकोनी पाइप, फूटभर उंची, खाली रुंद पाय आणि सगळ्या कडा घासून गोल केलेल्या. रॅम्पला प्लायवूड सुतार ठोकून देईल.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळू शकतं. पण पहिला सगळा माल कर्जावर भरू नका. आणि उधारी? पोरांना नाहीच. दुरुस्तीचे पैसे हप्त्याने घ्या हवं तर, पण नवा बोर्ड उधारीवर दिला की पोरगंही तुटतं आणि पैसाही.

सहावी पायरी: कागदपत्रं

दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना देणं पुरतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, दुसरी भाषा असली तरी मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत.

जीएसटीचं नीट बघा. फक्त माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दुरुस्तीचे पैसे किंवा रविवारच्या क्लासची फी घेऊ लागलात की ती सेवा ठरते आणि मर्यादा २० लाखांवर येते. बेळगाव सांगलीकरांना घरचंच वाटतं, पण तिथे माल पाठवला तर ती परराज्यातली विक्री, त्यासाठी उलाढाल कितीही असो नोंदणी हवीच. परदेशातून स्वतः माल मागवणार असाल तर आयात-निर्यात कोडही काढा. पहिल्या वर्षी मात्र देशातल्याच वितरकाकडून घेतलेलं बरं.

सातवी पायरी: पालक आणि क्लास

पैसे पालकांच्या खिशात असतात. ते विचारणार, “याचं पुढे काय?” उत्तर तयार ठेवा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आहे, आणि तिथे जपानच्या मोमिजी निशियाने १३ व्या वर्षी सुवर्णपदक जिंकलं. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्ण मिळवलं. मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळच्या जनवार या खेड्यात २०१५ पासून स्केटपार्क आहे. हे सांगा, पण पदकाची स्वप्नं विकू नका. मुलगा दोन तास मोबाईल सोडून घाम गाळतो आणि पडून उठायला शिकतो, हे पालकांना एका रविवारी प्रत्यक्ष बघायला बोलवा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली तर त्यांचे पालक लवकर तयार होतात.

क्लासला दुकानाचे पाच-सहा बोर्ड भाड्याने द्या. प्रत्येक पालकाकडून संमतिपत्र आणि आपत्कालीन फोन नंबर घ्या. प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फ जागेवर हवा. एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी साडेआठच्या आत संपवा, नंतर सिमेंट तापतं.

पावसाळ्याचं काय करायचं

जून ते सप्टेंबर बाहेर खेळ बंद. ओल्या जमिनीवर चाक घसरतं, बेअरिंग गंजतं, डेक फुगतो. पण नेमक्या याच दिवसांत, आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात, लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालयं बरीच रिकामी असतात. मालकाशी बोलून आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉल भाड्याने मिळतो का बघा. चकचकीत टाइल्स टाळा, पाय सटकतो. शहाबादी किंवा खरबरीत कोटा फरशी उत्तम. हॉलमध्ये फक्त मऊ चाकं, रेल आणि उड्या बंद, फरशीला चरा पडला तर भरपाई आपली, एवढं मालकाला आधीच लिहून द्या. त्या काळात दुरुस्तीचं काम भरपूर घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीचा माल गणपती बसायच्या आत मागवून ठेवा. कोणतं चाक, कोणत्या रुंदीचा डेक गेल्या महिन्यांत खपला, हे वहीत तारखेसह लिहिलेलं असेल तर ऑर्डर देताना अंदाज बांधत बसावं लागत नाही.