घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी आणि कथा मराठीत

सोलापूरच्या पूर्व भागातली लिहू पाहणारी मुलं-मुली मला भेटतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, लिहावंसं वाटतंय, पण आपलं मराठी शुद्ध नाही ओ." माझंही घर तेलुगू. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर होते. आता माझ्या कथा छापून येतात, पण ती धास्ती मला नीट ओळखीची आहे. ती घालवण्यासाठी काय करता येतं, ते सांगते.

सुरुवातीला कथा लिहूच नका. घरात किंवा गल्लीत रोज चालणारं एक काम निवडा आणि ते क्रमाने एका पानात लिहा. विशेषणं नकोत, 'कष्टाळू' आई नको. टेंभुर्णीची पानं भिजत घालायची, मऊ झाली की पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि कारखान्यात तपासणारा किती विड्या बाजूला काढेल याचा घोर जाताना वाटभर. विड्यांऐवजी मागासाठी सुताच्या कांड्या भरणं घ्या, टॉवेलच्या कारखान्यातली शिलाई घ्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतलं दुकान घ्या.

मग ते पान, ज्याने ते काम केलंय त्यालाच वाचून दाखवा. मी आईला वाचून दाखवलं, तेलुगूत सांगत सांगत. तिने मध्येच थांबवलं, "भिजलेली पानं निथळायला नकोत का?" मी लगेच ते वाक्य घातलं. अशी दुरुस्ती मनाला लागत नाही, कारण ती कामाबद्दल असते, तुमच्या लायकीबद्दल नसते. आणि आईने पुढे मान डोलावली, तेव्हा त्या पानाबद्दल माझी खात्री झाली. पुण्यातल्या कुठल्याही संपादकापेक्षा त्या पानाची पारख तिला जास्त होती. लिहिणाऱ्याला सुरुवातीला एवढी खात्री पुरते. अशी चार-पाच पानं झाली की त्यातलंच एखादं माणूस बोलायला लागतं, आणि तिथे कथा सुरू होते.

माणूस बोलायला लागलं की त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. "काय करलालास?" असं विचारणाऱ्या काकांच्या तोंडी "काय करतो आहेस?" घातलंत, तर ते काका अशोक चौकातले राहत नाहीत. शुद्धलेखनाचा बाऊ करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं : साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यात १९७२ साली भर पडून ते अठरा झाले. पात्राच्या तोंडी त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला त्या नियमांतच मुभा आहे. निवेदन मात्र नियमाने लिहा. ऱ्हस्व-दीर्घ शिकता येतं. एक साधं शुद्धलेखनाचं पुस्तक जवळ ठेवा आणि कच्चा खर्डा पूर्ण झाल्यावरच ते उघडा. खर्डा चालू असताना वेलांट्या तपासत बसलात, तर कथा तिथेच अडकते.

आपल्याच गावच्या शाहीर रामजोशींनी (सुमारे १७६२–१८१२) मराठीबरोबर संस्कृत आणि कानडीही आपल्या रचनांत खेळवली. सोलापुरात अनेक भाषा कानावर पडतात, याची लाज वाटण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

लिहिलेलं कोणाला दाखवायचं, याबाबत मी फार काटेकोर आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे अंगठे येतात, त्यातून काही कळत नाही; आणि आले नाहीत तर आठवडाभर पेन हातात धरवत नाही. दोनच माणसं निवडा. एक वाचणारं, एक न वाचणारं. "कशी वाटली?" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे "छान" म्हणतात. विचारा : कुठे कंटाळा आला? कुठे कोण बोलतंय ते कळलं नाही? कुठलं वाक्य खोटं वाटलं? उत्तरं वहीत लिहून घ्या, त्यांच्याशी वाद घालू नका आणि दोन दिवसांनी वाचा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर तिथे दुरुस्ती करा. एकानेच ठेवलं असेल तर ठरवायचं तुम्ही.

कोणी "हे काय साहित्य आहे का" म्हणालं, तर त्या माणसाला पुढचं लेखन दाखवू नका. बस.

पाठवताना : दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू असते, म्हणून कथा उन्हाळ्यात पूर्ण करा. अंकाचं आवाहन नीट वाचा, शब्दमर्यादा पाळा, युनिकोडमध्ये टाइप करा, प्रत स्वतःजवळ ठेवा. अनेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही. संपादकाकडे कथांचा ढीग असतो, हे त्याचं साधं कारण. म्हणून पाठवायच्या दिवशीच त्याच वहीत दुसऱ्या अंकाचं नाव लिहून ठेवा. पहिल्या अंकाची मुदत उलटली आणि काही कळलं नाही, तर एक फोन किंवा मेल करून विचारा, आणि नकार आला की त्याच आठवड्यात कथा दुसरीकडे पाठवा.